शनिवारी न झालेली सही

आज माझ्यामुळे शेजारच्या एस्तेरबाई रडल्या, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं मावला गाव शहराच्या हद्दीत आलं आणि चौकात भाजीबाजार ठरला. बाजाराच्या भोंग्याला कोणाची हरकत आहे का, हे विचारत नगरपालिकेच्या कचेरीकडून मीच कागद दारोदार फिरवला. तो शनिवार होता. एस्तेरबाई ज्यू आहेत. शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, त्या लिहीत नाहीत.

“हरकत आहे माझी. उद्या करतो ना सही, बाई,” त्या म्हणाल्या.

“कागद आजच जाणार,” मी म्हटलं. त्यांच्या सहीची जागा कोरी ठेवून कागद कचेरीत गेला, कोणाची हरकत नाही असं धरून मंजुरी आली.

महिन्याने, आज पुन्हा शनिवारी, दिवसभर भोंगा त्यांच्या खिडकीशी ओरडत होता. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला त्यांची प्रार्थना ऐकूच आली नाही.

“एक दिवस काऊन थांबल्या नाही तुमी?” त्या रडत म्हणाल्या.

मी हरकतीचा कोरा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.

चांदण्या दिसल्यावर, म्हणजे त्यांचा शनिवार संपल्यावर, त्यांनी सही केली. हरकतीचा अर्ज, एक पान. दिला: एस्तेरबाईंनी. घेतला: मी, महिनाभर उशिरा.