किती उतरलं?

त्या सोमवारी फळ्यावर माझ्या नावापुढं शून्य लिहिलं गेलं. आक्का जाऊन अडीच महिने झाले होते.

आक्का माझी मोठी बहीण. फुलंब्रीला शिक्षिका होती, रोज शहरातून जाऊन-येऊन करायची. मी एका कॉलेजात ग्रंथालय सहायक आहे. एकेकाळी माझं वजन एकशे चार किलो होतं, तिचं माझ्याहून थोडं कमी. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी चालायला सुरुवात केली. विद्यापीठाच्या गेटपासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत आणि परत. दीड वर्षात मी एकाहत्तरवर आलो. पुढची साडेचार वर्षं तिथंच राहिलो. वजन कमी करण्यापेक्षा ते राखणं जास्त कठीण, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

आक्का गेल्यावर ते चालणं थांबलं. त्या रस्त्यानं एकट्यानं जाववेना. वजन अजून वाढलं नव्हतं, कारण जेवणही जात नव्हतं. पण ते वाढणार, हे दिसत होतं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं एकच काम शिल्लक होतं, तेही जाणार होतं. म्हणून मी बारा आठवड्यांच्या एका फिटनेस प्रोग्रॅमला नाव घातलं. एका शोरूमच्या वर हॉल होता. भिंतभर आरसे, कोपऱ्यात वजनकाटा, काट्याशेजारी पांढरा फळा.

फॉर्म भरताना कोचनं आडनाव वाचलं. म्हणाला, "अच्छा." मग परत एकदा, "अच्छा, अच्छा." हा 'अच्छा' मला पहिलीपासून ओळखीचा आहे.

मी सांगितलं, "मला वजन कमी करायचं नाही. आहे ते राखायचंय. गुडघ्यांत जोर यायला हवा."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला.

दर सोमवारी एकेकाला काट्यावर चढवायचे. कोच आकडा मोठ्यानं वाचायचा आणि विचारायचा, "किती उतरलं?" सगळी बॅच एका सुरात उत्तर द्यायची. दीड किलो. दोन किलो. मग टाळ्या. माझ्या वेळी बॅच म्हणायची, "शून्य." पहिल्या सोमवारी शून्य. दुसऱ्या सोमवारी शून्य.

तिसऱ्या सोमवारी बॅचमधले एक ठेकेदार म्हणाले, "काय हो लायब्ररी, पुस्तकं उचलत नाही वाटतं? नुसती वाचता?"

लोक हसले. कोचनं शून्य लिहिलं, त्याच्याभोवती गोल काढला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "इथं कोटा नसतो बरं का. घाम गाळल्याशिवाय नंबर नाही."

हशा वाढला. मी काट्यावर उभा होतो, अनवाणी. आरशात सगळ्यांचे चेहरे दिसत होते. माझाही दिसत होता. मीही हसत होतो.

हे लिहायला मला आठ दिवस लागले. तो जे बोलला ते लिहायला नाही. मी हसलो, ते लिहायला.

घरी आलो आणि लासूर स्टेशनचा बाजार आठवला. आमचा बाप तिथं हमाल होता. मी आठ वर्षांचा असेन. अंगानं आडवा. आडतीवर मला धान्याच्या काट्यावर बसवायचे. मुनीम वजन बघून ओरडायचा, "अर्धं पोतं भरलं. गहू का ज्वारी?" सगळी आडत हसायची. मला गुळाचा खडा मिळायचा. पाठीवर पोतं घेतलेला बाप तसाच वाकून उभा राहायचा आणि हसायचा. त्याला हसावंच लागायचं.

एकदा आक्का बापाची भाकर घेऊन आली. बारा वर्षांची होती. तिनं हे बघितलं, भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि सरळ काट्याजवळ आली.

"उतर खाली."

"गूळ देणारेत," मी म्हणालो.

"उतर म्हन्ते ना. आपुन माल नाय."

मुनीम म्हणाला, "लई शानी झाली गं." तिनं माझा हात धरून ओढलं. गुडघा फुटला, पण उतरलो.

आणखी एक आठवलं. आक्काला पोटाचा कॅन्सर झाला. चार महिन्यांत ती बावीस किलोनं उतरली. आजार माहीत नसलेली तिच्या शाळेतली एक बाई घरी आली आणि म्हणाली, "बाई, केवढ्या बारीक झालात. छान दिसताय. काय करता?" आक्का म्हणाली, "काही नाही, खाणं कमी केलंय." बाई गेल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "लई सोपं निघालं की रे. आपण उगंच चालत बसलो."

हे आठवलं तेव्हा मला लख्ख दिसलं. त्या फळ्यावर आक्काचं नाव पहिलं आलं असतं. चार महिने, बावीस किलो. टाळ्या. आणि इतकी वर्षं जे तिनं आणि मी राखलं, त्याला त्या फळ्यावर एकच आकडा होता. शून्य.

चौथा सोमवार. माझं नाव पुकारलं.

"या, चढा."

"मी चढणार नाही."

"का? वाढलं का?"

"माझी बहीण चार महिन्यांत बावीस किलो उतरली. तुमच्याकडं ती पहिली आली असती. ती वारली."

कोच म्हणाला, "सॉरी, मला माहीत नव्हतं."

"ते माहीत नव्हतं. आडनाव माहीत होतं. कोट्याचं जे बोललात, ते आज परत बोला. आज मी हसणार नाही."

"अहो, गंमत केली. सगळेच हसले, तुम्हीपण हसलात."

"हसलो. ती माझी चूक होती."

ठेकेदार म्हणाले, "जाऊ द्या हो, एवढं काय मनावर घेता." मी फळ्याजवळ गेलो आणि फडक्यानं माझी ओळ पुसली. नाव आणि शून्य, दोन्ही. मी चपला घातल्या आणि जिना उतरलो.

त्यानं शिकवलेला व्यायाम वाईट नव्हता. तो मी घरी करतो, पलंगाची कड धरून. गुडघे अजून दुखतात. विद्यापीठाच्या गेटपासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत परत जाऊ लागलोय. तिथून परत येताना बोलायला कुणी नसतं. त्याची सवय झालेली नाही.

महिन्यातून एकदा घरच्या काट्यावर चढतो. आकडा वाचतो, मनात. उतरतो. तो मोठ्यानं वाचायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही आणि देणार नाही. माझ्यासमोर दुसऱ्या कुणाला काट्यावर उभं करून लोक हसले, तर मी तिथंच म्हणणार, उतर खाली.

आक्का नाही. वजन एकाहत्तर किलो आहे.