कुरडईच्या पाण्यातले भरले पाव

वास न घेता गंजातलं पाणी मैद्यात ओतलं, इथंच माझं चुकलं. नळ दोन दिवस आला नव्हता, पिण्याचा माठ तळाला गेला होता, आणि ओट्याखाली झाकलेला गंज, म्हणजे भलं मोठं पातेलं, दिसला. वरचं पाणी जरा पिवळट होतं, पण मे महिन्यात यवतमाळात पाण्याच्या रंगाला कोण नावं ठेवतो? तांब्याभर घेतलं आणि यीस्ट घालून मैदा मळला.

संध्याकाळी घाटंजीहून इवाई-इहीण येणार होते, म्हणजे मुलीचे सासरे-सासू, लग्नानंतर पहिल्यांदाच. मी फोनवर इवाईंना सांगून बसलो होतो, "बाहेरचं काहीच आणत नाही. माझ्या हातचे भरले पाव खाऊन पाहा." बायकोनं तेव्हाच माझ्याकडं पाहिलं होतं.

सारण सांभारवडीचंच केलं. सांभार म्हणजे कोथिंबीर, त्यात भाजलेलं खोबरं, खसखस, तिखट, लिंबू. ते झकास जमलं. पीठ तासाभरातच टम्म फुगलं. फडकं उचललं तर ओल्या मोज्यांसारखा भपकारा आला. पुण्याहून मुलीनं फोनवर पाककृती सांगताना बजावलं होतं, "आंबूस वास येतो बाबा, घाबरू नका." मी घाबरलो नाही. उलट वास जितका वाढला तितका मी खूश झालो. नाक बाजूला वळवून गोळे केले, सारण भरलं आणि ओव्हनमध्ये लावले.

ओव्हन तापला आणि घरभर ते पसरलं. आंबलेलं, चिकट, घशाशी बसणारं. कूलर लावला तर कूलरनं ते बैठकीत नेऊन पोचवलं. पाव दिसायला मात्र सोनेरी. एक फोडून तोंडात टाकला. जिभेवर आधी आंबट, मग बुळबुळीत, मग जे काय होतं त्याला माझ्याकडं शब्द नाही. मोरीत जाऊन थुंकलो, चूळ भरली, पुन्हा थुंकलो.

बायको गच्चीवरून कुरडयांसाठी धुतलेल्या चादरी घेऊन खाली आली आणि दारातच थांबली.

"काय मेलं वो घरात?"

"पाव होऊन राह्यले."

तिनं तांब्या पाहिला, मग गंज. "हे पाणी घेतलं? तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक हाय तो. खाली बसाले ठेवला. वरचं पाणी मी नालीत फेकतो म्हणलं होतं उद्या."

पुन्हा मोरीत जाऊन चूळ भरली. मी ते गिळलं होतं, थोडं का होईना.

इवाई दारात आले तेव्हा बायको पावांतलं सारण चमच्यानं कोरून काढत होती, पावाला चिकटलेलं तेवढं सोडून. भराभर पोळ्या लाटून तिनं त्यात ते गुंडाळलं. इहीणबाईंनी पदर नाकाला लावला आणि विचारलं, "कुरडया चालू हायेत वाटते?"

"हो ना, आजच चीक काढला," बायको म्हणाली.

इवाईंनी चार गुंडाळ्या खाल्ल्या. "सारण कोणाच्या हातचं?"

"यायच्याच." तिनं माझ्याकडं बोट केलं. मी हात पाठीमागं धरून उभा होतो. तीनदा साबण लावूनही नखांतून तोच वास येत होता. इवाईंनी निघताना हात पुढं केला, तेव्हा मी दुरूनच नमस्कार केला.

ते गेल्यावर बायकोनं ओव्हनचं दार उघडं टाकलं, पावांची परात माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सारण चांगलं झालतं. हे दूर नेऊन टाका. अन् उद्या पहाटं चीक घाटाले तुमीच बसा, मले मळमळते. तुमाले तर आता सवय झाली."