रस्त्याकडेच्या खाचराचा रिकामा कोपरा

अंकिता टीचर आत शिरली की महाडच्या त्या बालवाडीत वर्ग उरतच नसे. एसटीच्या आठवड्यात खुर्च्यांची गाडी व्हायची, ती स्वतः कंडक्टर व्हायची आणि "चला, पोलादपूर पोलादपूर!" अशी हाक द्यायची की रडत आलेलं पोरसुद्धा तिकीट मागायला धावायचं. बाजाराच्या आठवड्यात खऱ्या भेंड्या, खरा तराजू. आधी हाताला कळू दे, मग पाटीला, हे तिचं म्हणणं. रंगमंचावर जन्म काढलेल्या माणसालाही हेवा वाटावा, असा तिचा प्रवेश. टाळ्यांची मात्र तिला जरा जास्तच गोडी, आणि त्या गोडीनंच यंदा तिचा घात केला.

जुलैचा विषय होता भात. सहल ठरली पोलादपूरकडच्या खोऱ्यात, तिच्या भागोजीकाकांच्या शेतावर. वडील लवकर गेले, तेव्हा या काकांनी आणि गोदूकाकीनंच तिला वाढवलेलं. त्यांचं भाताचं खाचर अगदी रस्त्याला लागून. गाडी थांबली की पोरं थेट बांधावर.

काकांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं. "पोरांना खुशाल आण. येक रांग लावू दे त्यांना. पण रोपं जपून गो. परवाच्या पावसात निम्मा राब वाहून गेला. हाय ते जेमतेम पुरंल." राब म्हणजे रोपांचा वाफा. तो गेला की वर्षाचं भात गेलं, हे अंकिताला कुणी शिकवायला नको होतं. तिचं बालपण त्याच चिखलात गेलेलं.

सहलीला सगळे आले, मोबाइल घेऊन पालकही आले. चिखलात पाय घातल्याबरोबर छोटा वरद किंचाळला, "टीचर, चिखल माझा पाय गिळतोय!"

"गिळू दे रे. चव आवडली नाय तर परत देल," गोदूकाकी म्हणाली आणि सगळा बांध हसला.

रांग लावून झाली. वाकडीतिकडी, पण झाली. तेवढ्यात बालवाडी चालवणाऱ्या चारुलता मॅडम पुढे आल्या. "आता प्रत्येकाला एकेक मूठ रोपं द्या हं, घरी न्यायला! काय शिकले ते घरच्यांना दिसायला हवं ना?"

लावणीच्या दिवशी बांधावर आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही भागोजीकाकांच्या घरची रीत. लेकराला तर नाहीच नाही. त्यांनी अंकिताकडे पाहिलं. त्या घडीला नको म्हणणं शोभलं असतं ते फक्त घरच्या मुलीला. पण समोर मोबाइल रोखलेले, मॅडम खूश, पोरं हात पसरून उभी. अंकितानं दोन्ही हात उंचावले आणि खणखणीत आवाज लावला, "घ्या रे घ्या! एकेक मूठ सगळ्यांना!"

"घेवा बाळांनो," काका म्हणाले आणि स्वतः वाकून मुठी वाटायला लागले.

टाळ्या पडल्या.

रविवारी ती एसटीनं गावाकडे निघाली. वळणावर खिडकीतून खाचर दिसलं. खोरं सगळं हिरवं झालेलं, आणि काकांच्या खाचराचा रस्त्याकडचा कोपरा तेवढा नुसतं गढूळ पाणी. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर नेमकी तिथंच पडावी असा.

पुढच्या बाकावरून गावचा गोमाजी मागे वळला. "काय गो अंकिता, चुलत्याचा अंदाज चुकला म्हण की! एवढी उमर शेतात घालवली आणि राब किती टाकायचा ते कळंना? इचारलं तर कमी पडलं म्हणतो आणि गप बसतो."

"वय झालंय आता त्यांचं," अंकिता म्हणाली.

बोलून गेली आणि तिचे कान तापले. काकांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. तिनं मात्र त्यांनाच म्हातारं ठरवलं होतं. थांबा आला, गोमाजी उतरला. "पुढं पोलादपूरला काम आहे," असं त्याला सांगून ती बसूनच राहिली. पोलादपूरला काम कसलं? स्टँडवर बसून काढली दुपार. परतीच्या गाडीत ते वळण आलं तेव्हा तिनं मान दुसरीकडे फिरवली.

रोपं कशी वाढली ते दाखवायला सोमवारी काही मुलं ती कागदी पेल्यांतून घेऊन आली होती. तिनं सगळ्यांना गोल बसवलं. "माझं चुकलं. ती रोपं काकांना हवी होती. मी उगाच वाटली. मला परत द्याल?"

वैदेहीनं आपला कागदी पेला छातीशी धरला. "पण टीचर, तुम्हीच दिलीत ना?"

"हो गं, मीच."

"दिलेलं परत मागतात?"

अंकिताला वर बघवेना. "नाही मागत," ती म्हणाली. "मी मागतेय."

वैदेहीनं बराच विचार केला आणि पेला पुढे केला. "पाणी घाला हं त्याला."

बहुतेकांची रोपं घरीच सुकली होती, काहींची कचऱ्यात गेली होती. "चार काड्यांसाठी केवढं नाटक, अंकिता!" मॅडम म्हणाल्या. चिखल भरलेले मोजकेच पेले घेऊन ती दुपारी खाचरावर पोचली.

"ये गो टीचर," गोदूकाकी बांधावरून म्हणाली. "रोपांची सहल झाली काय महाडला?"

अंकिता हसली नाही. "काका, राब वाहून गेलाय हे मला ठाऊक होतं. तरी मी वाटली."

"म्हाईत हाय," काका शांतपणे म्हणाले. "मी तुझ्याकडंच बघत होतो."

मग तिनं गाडीतलंही सांगितलं. काकांनी ऐकलं आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बोट केलं. साडी खोचून ती चिखलात उतरली. रोपं इतकी थोडी, की कोपरा भरणं दूरच, बांधाच्या कडेची एक रांगही पुरी होईना.

तेवढ्यात रस्त्यावर गोमाजीची मोटारसायकल थांबली. "आता कसली लावणी भागोजी? अंदाज सुधारला काय?"

काका काही बोलणार, त्याआधी अंकिता उभी राहिली. हात चिखलानं माखलेले. तोंड लपवायची सोय नव्हती. "अंदाज बरोबर होता त्यांचा. रोपं मी वाटली, सहलीच्या पोरांना. काल गाडीत तुमच्यासमोर त्यांच्याच वयावर ढकललं तेही मीच."

"मग आता दिवाळीला भात शाळंकडंच माग," एवढं म्हणून गोमाजीनं गाडीला किक मारली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार होती.

अंकिता तशीच उभी राहिली. डोळे भरून आलेले, पुसायला हात नव्हते.

"वाक खाली," काका म्हणाले. "पाण्यात उभं राहून रोप लागत नाय."