पूर्वेकडचे दोन डायपोल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुदतीआधी नोकरी सोडताना कारण विचारणाऱ्या साहेबांनाही नाही. प्रकरण तसं लहान होतं, पत्र्याच्या एका ट्रकचं. पण अजून ते डोक्यातून गेलेलं नाही.

भूकंपानंतरचे दिवस. मी लातूर जिल्ह्यात पोलीस बिनतारी विभागात फौजदार होतो. टेकडीवरचा रिपीटर माझ्या ताब्यात होता. चौकीवरच्या सेटचा आवाज झेलून तो जिल्हाभर पुढे फेकायचा, हे त्या यंत्राचं काम. त्याच्या मास्टवर, म्हणजे उंच खांबावर, चार डायपोल होते; आवाज झेलणारे-फेकणारे अँटेनाचे दांडे, चार दिशांना एकेक. पडलेल्या गावांतून आवाज तुटक यायचा. मदत छावणीतले साहेब रोज ओरडायचे. एक दिवस मी माणूस वर चढवला आणि चारही डायपोल भूकंपाच्या बाजूला वळवून घेतले. छावणीत आवाज खणखणीत यायला लागला. साहेबांनी पाठ थोपटली.

एका दिशेला वाढलेला आवाज दुसऱ्या दिशेतून काढून घेतलेला असतो. हे मला माहीत होतं. पूर्वेकडच्या चौक्यांना कळवायला हवं होतं. उद्या कळवू म्हणत राहिलो आणि राहून गेलं.

शिरूर अनंतपाळकडच्या रस्त्यावर एक चौकी होती. टेलिफोन नाही, गाडी नाही, एक सेट आणि एक हवालदार. माझ्याहून वयाने मोठा, भूकंपाच्याच गावचा. एके दुपारी त्याच रस्त्यावरचे पंक्चरवाले चाचा सायकल मारत त्याच्याकडे आले.

"हवालदारसाब, दुकानावर कडब्याचा ट्रक हाय. जॅक लावला तर जॅकच बसून राहिलाय. कडब्याला एवढं वजन कुठून? पेंढी सरकवली तर आत पत्रे! मदतीचा शिक्का हाय त्यांच्यावर. डायवर चाय पिऊन राहिलाय, जल्दी करा."

हवालदाराने माईक उचलला. पुढच्या नाक्यावर नाकाबंदी लावा, एवढंच सांगायचं होतं. तो बोलत असतानाच ट्रक चौकीच्या दारासमोरून निघून गेला. नाकाबंदी लागली नाही, कारण कंट्रोल रूमला काही ऐकूच गेलं नव्हतं.

नंतर विचारपूस झाली तेव्हा चाचांनी खरं तेच सांगितलं, खबर दिली म्हणून. तेच हवालदाराच्या अंगावर आलं. खबर मिळाली, ट्रक दारासमोरून गेला आणि संदेश नाही. माणूस फुटला, दुसरा अर्थ कोण काढणार? त्याच्या गावात बोललं जाऊ लागलं की यानं आपल्याच लोकांच्या डोक्यावरचं छप्पर विकलं.

चौकशी उपअधीक्षकांकडे आली. बिनतारीचा जाणकार म्हणून मला शेजारी बसवलं.

"काय मिळालं ट्रकवाल्याकडून?" उपअधीक्षकांनी हवालदाराला विचारलं.

"साहेब, माझी माय तिथं ताडपत्रीखाली बसून हाय. ते पत्रे आमचेच व्हते की."

"मग संदेश का दिला नाहीस?"

"दिला की. बटण दाबून दाबून बोललो. शेपूटच आलं न्हाई."

उपअधीक्षक माझ्याकडे वळले. "शेपूट? हे काय जनावर आहे?"

मी समजावलं. माईकचं बटण सोडल्यावर क्षणभर खर्र असा आवाज येतो. रिपीटरने आपलं बोलणं उचलल्याची ती खूण. आमची माणसं त्याला शेपूट म्हणतात.

सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. बनवून सांगणारा माणूस कंट्रोलवर ढकलतो, तिकडून उत्तर आलं नाही म्हणतो. शेपूट आलं नाही असं बनवून सांगायचं कुणाला सुचत नाही. हवालदार खरं बोलत होता. त्याचा आवाज टेकडीपर्यंत पोचलाच नव्हता.

"त्या दिवशी रिपीटर चालू होता?" साहेबांनी विचारलं.

"होता, साहेब."

उत्तर खोटं नव्हतं. विचारलं तेवढंच दिलं.

त्या संध्याकाळी मी टेकडीवर गेलो आणि त्यातले दोन डायपोल पूर्वेकडे फिरवले. स्वतःला सांगितलं, आता तरी पुढे कुणाचा आवाज अडायला नको. दुसऱ्या दिवशी चौकीवर सर्वांसमक्ष सेटची चाचणी झाली. हवालदारालाच बोलायला लावलं. त्याने बटण सोडलं. खर्र. लगेच कंट्रोलचं उत्तर आलं, स्पष्ट.

उपअधीक्षक म्हणाले, "आलं की रे तुझं शेपूट!" मागचे शिपाई हसले.

हवालदाराने सेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज आलं, साहेब," एवढंच म्हणाला.

मी सेट निर्दोष असल्याचा अहवाल दिला. त्याच्या बाजूचा एकमेव पुरावा मी माझ्या हातांनी दुरुस्त करून टाकला होता.

पुढे नांदेडला पत्रे सापडले, ड्रायव्हरही सापडला. त्याच्या चौकशीला मी हजर होतो. तो म्हणाला, "कोणाला काय दिलं न्हाई साहेब. एका चौकीत पोलीस माईकवर वरडून राहिला व्हता. म्हणलं आता पुढं धरतेत. कोणीच धरलं न्हाई." गुन्हा उघडकीस आला. जबाब घेणाऱ्याला फक्त चोर हवे होते, त्याने ते वाक्य सोडून दिलं. मीही सोडून दिलं. तोंड उघडायची ती माझी दुसरी संधी होती. तोवर हवालदाराचा शिपाई झाला होता.

नोकरीने मला एक शिकवलं. चौकशीत माणूस बुडवायला खोटं बोलावं लागत नाही. विचारलं तेवढंच सांगितलं की पुरतं.

आता लातूरला ज्या गल्लीत राहतो तिथे घरोघरी क्लासच्या पोरांची हॉस्टेलं झाली आहेत. त्यातल्या एका हॉस्टेलच्या फाटकावर तो हवालदार वॉचमन आहे. माझ्याच गल्लीत यावा, हा योगायोग. मी फिरायला निघालो की तो खुर्चीतून उठतो, टाचा जुळवतो, सॅल्यूट करतो. परवा एका पोराने त्याला विचारलं, "मामा, कोण हैत हे?"

"आमचे साहेब. लई हुशार. सेटचं सगळं ह्यांनाच कळायचं."

मी हात वर केला आणि पुढे गेलो. नेहमीसारखाच.

डायपोल मी वळवले होते, हे मला त्याला तोंडावर सांगायचं आहे. आणि तेच माझ्या सहीनिशी कार्यालयाला लिहून द्यायचं आहे. हे लिहीपर्यंत दोन्ही झालेलं नाही.