मामीनं न उचललेला भंडारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, जिच्यापाशी काहीच झाकलेलं नाही असं मी म्हणते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असाल तर जिला ओळखता ती बाई अर्धीच खरी आहे.

ती अर्धी बाई कोण, ते आधी सांगते. कोल्हापुरात रविवारी सकाळी शाळेतल्या पोरांना घेऊन रंकाळ्यावर पक्षी दाखवत हिंडणारी एक बाई आहे ना – गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, आवाज जरा मोठा – ती मी. लोक म्हणतात, हिला लहानपणापासूनच प्राण्यांचं वेड. ते मात्र खरं आहे. आम्ही उचगावात राहायचो. वडील कारखान्यात सुपरवायझर, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. माझ्या कंपासपेटीत कंपास सोडून सगळं असायचं – पोपटाचं पीस, सापाची कात, कसलंतरी हाड. पेपरात आलेली वाघा-बिबट्यांची चित्रं कापून मी कपाटाच्या दारावर चिकटवायची. गल्लीतल्या पोरांच्या हातातली गलोल हिसकावून घ्यायची आणि त्यावरून मारही खायची. रविवारी घरी तांबडा-पांढरा व्हायचा तेव्हा वडील विचारायचे, "काय गं प्राणीमित्र, बोकडाचं काय ठरलं?" बोकडाचं माझं काही ठरलेलं नसायचं. मी दोन वाट्या रस्सा प्यायची आणि नामशेष होणाऱ्या प्राण्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवायची.

हे सगळं का सांगतेय? वेळ काढतेय, दुसरं काय.

सुट्टीत मी मामाकडे जायची, शाहूवाडीच्या डोंगरात. भातशेती, चार म्हशी, मामा आणि मामी. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाड जरा जास्तच व्हायचे. मामी म्हणजे अखंड बडबड. म्हशीशी बोलायची, चुलीशी बोलायची, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला "ओ पावणं, कुठल्या गावचं?" म्हणून थांबवायची आणि त्याची सात पिढ्यांची माहिती काढूनच सोडायची. मामा वैतागायचा. मला ती फार आवडायची. आजही आवडते, आणि हे लिहायला जड जातंय ते त्यामुळेच.

गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे. देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी आणत नाही. आणि दुसरा नियम असा, की त्या रानात जे काही राहतं त्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. बोललं की ते जातं, असं म्हातारी माणसं सांगायची. मी तेव्हा पाचवीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा आमची एक म्हैस देवराईत शिरली आणि मामी नि मी तिला शोधत गेलो. दिवस मावळायला आला होता. देवळाच्या मागं मोठं वारूळ होतं आणि त्याला लागून फणसाचं एक पडकं खोड. मामीनं एकदम माझा हात दाबला आणि – विश्वास बसणार नाही – ती गप्प झाली.

खोडाखालच्या बिळातून खवल्या मांजर बाहेर येत होतं. सगळं अंग खवल्यांनी मढलेलं, नाक जमिनीला लावून हुंगत, अगदी सावकाश. शेपटीवर पिल्लू बसलेलं होतं. पिल्लाचे खवले अजून फिकट होते. मी श्वास रोखून बघत राहिले. आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

परत येताना मामी म्हणाली, "त्येचं नाव काढायचं न्हाय. आमी पावणंच म्हणतो त्यास्नी. आणि बाय, ही गोष्ट तुझी नि माझी. तुझ्या मामालाबी सांगायचं न्हाय मी तुला दावलं म्हणून. पोराटोरांस्नी दावत न्हाईत. पर तुझा जीव हाय म्हणून –" मी शपथ घेतली. मनापासून घेतली.

पुढे ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह आला. शहरात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती. आईनं खवल्या मांजरावर भाषण लिहून दिलं – खवल्यांसाठी त्याची शिकार कशी होते, ते संपत कसं चाललंय, वगैरे. मी तोंडपाठ केलं. आईला त्या दिवशी शाळा होती, म्हणून बरोबर आमच्या बाई आल्या होत्या. व्यासपीठावर उभी राहिले आणि भाषणात नसलेलं एक वाक्य मी आपल्या मनानं घुसडलं – "मी हा प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे!" टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला.

बाई प्रमाणपत्रावर सह्या घ्यायला आत गेल्या. मी कप छातीशी धरून बाहेर उभी होते. एक माणूस जवळ आला. चांगले कपडे, गोड बोलणं. त्यानं मला मॅडम म्हटलं. पाचवी-सहावीतल्या पोरीला मॅडम! म्हणाला, "मॅडम, भाषण झकास. पण ते बघितलं म्हणालात, ते आपलं भाषणापुरतं ना?" मी म्हटलं, खरंच बघितलंय. तो हसला. म्हणाला, असं सगळेच म्हणतात.

तेवढंच पुरलं. त्यानं मला धमकावलं नाही, आमिष दाखवलं नाही. नुसता अविश्वास दाखवला. आणि मी – गावाचं नाव, देवराई, देवळाच्या मागची बाजू, वारूळ, फणसाचं खोड – एकेक सांगत गेले. पिल्लाचंही सांगितलं. तो म्हणाला, "आता पटलं." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुम्ही म्हणाल, लहान होतीस, फसलीस. हो. एवढंच असतं तर हे मी कधीच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते. कबूल करायचं आहे ते हे नाही. ते अजून पुढेच आहे, आणि मी अजून त्याच्या भोवतीच फिरतेय.

दिवाळीला मामाकडे गेले. पिशवीत कप होता, मामीला दाखवायला. घरात शिरले तर मामी न पेटवलेल्या चुलीपाशी बसलेली. देवराईत खणलं होतं. वारूळ फोडलेलं, खोड उलथून टाकलेलं, बिळाच्या जागी कंबरेएवढा खड्डा, मातीत पहारीचे घाव. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली होती. हाती कुणी लागलं नव्हतं. पिल्लाचं काय झालं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

मामीनं मला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "बाय, तू कुटं बोलली न्हाईस न्हवं?"

मी म्हणाले, "नाही मामी. देवाशपथ."

विचार करायलाही मला वेळ लागला नाही, बघा. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "म्हाईत हाय मला. उगंच इचारलं." कप पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव जमलं. बाहेरच्या माणसाला बीळ नेमकं सापडलं, म्हणजे आतलंच कुणीतरी बोललंय, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आमच्याकडे अशा वेळी बेलभंडार उचलतात. ताटात बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद. एकेकानं पुढं यायचं, ते उचलायचं आणि देवासमोर शपथ घ्यायची. खोटी शपथ घ्यायला माणसं अजूनही घाबरतात. शपथ अशी होती – "पावण्याचं मी कुणालाबी सांगितलं न्हाय, दावलं न्हाय." बापे झाले, मग बायका. पोरांना शपथ नव्हती. मी खांबाला टेकून उभी होते.

मामीची पाळी आली. तिनं हात पुढं केला आणि मग तो ताटावरच थांबला.

गुरव म्हणाले, "उचल की वैनी."

मामी म्हणाली, "मला उचलता येत न्हाय. मी एकीला दावलंय."

देवळात कुजबुज सुरू झाली. मामा पुढं आला. "कुणाला दावलंस? अगं, नाव घे की!"

"नाव न्हाय घेणार. तिनं कुणाला सांगितलेलं न्हाय, एवढं मला ठावं हाय."

"मग हे झालं कसं? सांगितलं कुणी?"

मामीनं ताटावरचा हात मागं घेतला. ती तशीच उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, हिच्या तोंडाला कुठं दम असतो, बाजारात बोलली असेल. कुणी हसलं नाही. तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. आता कळतं – तिनं बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं.

मी खांबापाशीच होते. तिच्यापर्यंत जायला चार पावलंसुद्धा लागली नसती. "मी सांगितलं," एवढे दोन शब्द. मला ते येत नव्हते असं नाही. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी मी! मनात आलं ते असं – आता बोलले तर मला पुन्हा कुणी प्राणीमित्र म्हणणार नाही. मामीचं काय होईल, हे मनात आलंच नाही. आलं असतं तरी बोलले असते का? मला तसं वाटत नाही.

त्या वर्षापासून जत्रेचा पहिला नैवेद्य मामाच्या घरून जायचा बंद झाला. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान होता तो. मामा कितीतरी महिने मामीशी धड बोलला नाही. नळावर मामी गेली की बायका विषय बदलायच्या. आणि हळूहळू मामीचीच बडबड आटली. पुढच्या उन्हाळ्यात गेले तर ती म्हशीचं दूध काढताना गप्प बसली होती. मी काही विचारलं की "व्हय", "न्हाय". रस्त्यानं माणसं जात होती. तिनं कुणाला हाक मारली नाही.

लहान होते, मान्य. पण दहावीत? कॉलेजात? लग्न झाल्यावर? दर सुट्टीला मी त्या घरी जेवत होते, आणि दर वेळी सांगायची संधी ताटाशेजारी बसलेली असायची. मामा वारला, तो बायकोनंच घराचा मान घालवला असं समजत वारला. त्याला तरी सांगायला हवं होतं. आजारी होता, वेळ होता. मी त्याला मोसंबी सोलून दिली आणि परत आले.

याहून वाईट सांगू? शाळांमध्ये व्याख्यानाला जाते तेव्हा मी सुरुवात तिथूनच करते. "लहानपणी मी खवल्या मांजर पाहिलं होतं." संध्याकाळ, वारूळ, शेपटीवरचं पिल्लू – पोरं डोळे मोठे करून ऐकतात. कुणीतरी हात वर करून विचारतंच, "मग पुढं काय झालं, टीचर?" मी म्हणते, "पुढं ते रानात निघून गेलं." हे खोटं मी इतक्या सहज बोलते, की आता आवाजसुद्धा बदलत नाही.

गेल्या हिवाळ्यात मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिला कोल्हापुरात माझ्याच घरी आणलं. दिवसातून तीन-चारदा डोळ्यांत थेंब घालायचे, ते मीच घालायची. एका दुपारी ती डोकं मागं टाकून खुर्चीत बसली होती. मी बाटलीचं झाकण उघडत होते. ती म्हणाली,

"बाय, एक बोलायचं हुतं. लई वर्सं झाली."

माझे हात थांबले. मला वाटलं, हिला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होतं. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आता ती बोलेल, मला काही करावं लागणार नाही.

ती म्हणाली, "त्या पावण्याचं. मीच कुटंतरी बोलले असंन गं. माजं त्वांडच तसलं. आटवून आटवून दमले, कुटं बोलले त्ये ध्यानात येत न्हाय. पर तुजा केवडा जीव हुता त्येच्यावर. माज्यामुळं गेलं त्ये. मला माफ कर."

तिचे डोळे वर छताकडं होते. बाटली माझ्या हातात होती. घरात आम्ही दोघीच होतो. गाव नव्हतं, गुरव नव्हते, मामा नव्हता. घाबरण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

मी म्हणाले, "जाऊ दे मामी. मी कधीच मनात धरलं नाही."

तिनं चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाली, "लई मोटं मन हाय तुजं."

मी ते ऐकून घेतलं. आणि तिच्या डोळ्यांत थेंब घातले.