सातवा रकाना

भिकाजी भाटकरांना आनंद झाला की उचकी लागायची. लग्नात अंतरपाटामागे लागली, मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात लागली, आणि त्या गुरुवारी तर सकाळी दात घासतानाच लागली. त्यांची बायको गोदा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आज कसला हो एवढा हर्ष?"

"राहीचा व्हायवा आहे आज," भिकाजी दोन उचक्यांच्या मध्ये म्हणाले.

"मग उचकी तिला लागू दे की," म्हणून गोदा चहाकडे वळली.

राही पिलणकर ही काही त्यांची नात्यातली नव्हे. रत्नागिरीतल्या ज्या कॉलेजात भिकाजी पदव्युत्तर विभागाचे लिपिक होते, तिथे ती पीएच.डी. करत होती, एवढाच संबंध. भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कमी का झाल्या, यावर तिने पाच वर्षं चिखल तुडवला होता. आज तिची खुली मौखिक परीक्षा, आणि एकतीस तारखेला भिकाजींची निवृत्ती.

खिडकी क्रमांक तीनमागे भिकाजींची तेहतीस वर्षं गेली होती. पोरं त्यांना भाटकरकाका म्हणायची आणि टरकायची. अर्ज कुठल्या शाईत भरायचा, शिक्षणात खंड पडला असेल तर प्रतिज्ञापत्र कसं करायचं, प्रबंधाच्या पाठीवरची अक्षरं वरून खाली जातात की खालून वर, सगळं त्यांना तोंडपाठ. खाकी कव्हर घातलेली नियमपुस्तिका कायम काखेत. फोटोवर सही अर्धी आत, अर्धी बाहेर नाही म्हणून एकदा त्यांनी खुद्द प्राचार्यांचा अर्ज परत पाठवला होता, आणि वर पोच मागितली होती.

या नियमांच्या माणसाला एकच गोष्ट टोचत होती. परीक्षेच्या अहवालात सातवा रकाना असतो: 'उपस्थित जनतेतून विचारलेला प्रश्न व प्रश्नकर्त्याचे नाव'. खुली परीक्षा म्हणजे वाटेवरच्या कुणीही यावं, ऐकावं, विचारावं. पण वाटेवरचं कोण येतंय? एकशे चौदा परीक्षा झाल्या, आणि एकशे चौदा वेळा भिकाजींनी वळणदार अक्षरात त्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'.

खरं तर पहिल्याच वेळी ते लिहावं लागलं नसतं. नोकरीला लागून महिना झाला होता. तेव्हाही प्राणिशास्त्राचाच कुणी उमेदवार होता, विषयही खाडीचाच. भिकाजींची आई, चिमा, त्यांचा विसरलेला डबा घेऊन आली आणि दाराशी उभी राहून ऐकू लागली. ती जन्मभर ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढणारी, त्यावरच भिकाजी शिकलेले. ऐकता ऐकता ती हळूच म्हणाली, "भिका, मी येक इचारू काय?" नव्या शर्टातल्या भिकाजींना लाज वाटली. "नको गो आये, आपलं काय काम तिथं," ते म्हणाले. ती गेली. पुढे नियमपुस्तिका पाठ झाली तेव्हा कळलं, तिचंच तर काम होतं तिथं. तोवर ती देवाघरी गेली होती, आणि तिचा प्रश्न काय होता ते विचारायचं राहूनच गेलं. याचं भिकाजींना आजही वाईट वाटायचं.

म्हणून या शेवटच्या परीक्षेत सातवा रकाना भरायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. नियम म्हणतो, सूचना तीन सार्वजनिक ठिकाणी लावावी. आजवर ही तीन ठिकाणं म्हणजे विभागाचा फळा, ग्रंथालयाचा फळा आणि प्राचार्यांच्या दाराबाहेरचा फळा. यंदा भिकाजींनी खळीची वाटी घेऊन एसटी स्टँड गाठला, मग मासळी बाजार, मग भाट्याच्या पुलाजवळची चहाची टपरी. तिथे त्यांना जनीकाकी भेटली. सत्तरीची, आईबरोबर खाडीत उतरणारी. तिला त्यांनी सूचना मोठ्यांदा वाचून दाखवली.

"गुरवारी अकरा वाजता. सगळ्यांनी यायचं काकी. आणि विचारायचं."

"येतो की," जनीकाकी म्हणाली. "खायला काय देनार?"

"बटाटेवडे. पेढा."

"मग आमी सातजनी."

तेव्हापासून भिकाजी हवेत होते. टेबलाला ठेचकाळले तर टेबलाचीच माफी मागायचे.

गुरुवारी पावणेअकराला सभागृह झाडून तयार. बहिःस्थ परीक्षक कोल्हापूरहून आले होते, आणि उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं होतं, "गणपतीपुळ्याचा नैवेद्य किती वाजता असतो?" त्यांना तिकडे न्यायला कॉलेजची गाडी धुऊन उभी होती. अध्यक्षस्थानी प्राचार्या मयेकर मॅडम. समोर हजेरीच्या धाकाने आलेले अकरा विद्यार्थी, आणि स्टँडवरची सूचना वाचून आलेले एक आजोबा, जे पंख्याखाली बसताक्षणी झोपले. एवढीच जनता.

अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. भिकाजी दारातून फाटकाकडे बघतायत, फाटक रिकामं. मग कार्यालयातल्या दिनदर्शिकेवर त्यांची नजर गेली आणि उचकी जागच्या जागी बसली. षष्ठी. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते, हे भाट्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाला ओहोटी. काकी आणि तिच्या बाया ऐन अकराला गुडघाभर चिखलात असणार. हातची ओहोटी सोडून बटाटेवड्याला कोण येतंय? तेहतीस वर्षं तारखा लिहून लिहून खाडीकाठचा हा माणूस तिथी बघायला विसरला होता.

आत राहीचं सादरीकरण संपलं होतं. पोरगी घाबरलेली. उत्तरं देतानाही पाठ केलेली वाक्यंच ती पडद्याकडे बघत म्हणत होती, आणि परीक्षक घड्याळाकडे बघत मान हलवत होते. एकूण पंचवीस मिनिटांत त्यांनी फाईल मिटली.

"ठीक आहे. जनतेतून काही प्रश्न? नाही. मग उठू या?"

"साहेब," भिकाजी पुढे झाले, "नियम नऊ, ब. खुली परीक्षा किमान एक तास." पाच वर्षांपूर्वी नियमात ही दुरुस्ती झाली होती. पुस्तिका त्यांनी नेमक्या पानावर उघडून धरली.

"पण प्रश्नच नाहीत."

"प्रश्न नसले तरी तास असतो, साहेब."

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमचा स्वतःचा एक अर्ज याच हातांनी परत आलेला होता. "भाटकर म्हणतात ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि सगळे बसले.

बाहेर येऊन भिकाजींनी गाडीची चिठ्ठी फाडली. कुठून कुठे: कॉलेज ते भाट्ये व परत. कामाचे स्वरूप: जनता आणणे. सही, शिक्का. ड्रायव्हर संदेशने ती दोनदा वाचली.

"काका, ही गाडी पुळ्याला जायची ना?"

"बारा वाजता जायची. आत्ता साडेअकरा झालेत. पुलाजवळ जाऊन हॉर्न वाज— हिक— वाजव." उचकी परत आली होती.

आत पुढची पंचवीस मिनिटं सगळे तास भरायची वाट बघत बसले. आजोबांच्या घोरण्याला मात्र लय सापडली. परीक्षकांनी छताचे वासे मोजले. राही पदराच्या टोकाला गाठी मारत होती. भिकाजी दाराशी उभे, दर मिनिटाला उचकी, आणि दर उचकीला अकरा विद्यार्थी माना खाली घालून खुदखुदत होते.

बाराला चार कमी असताना गाडी आली. दारं उघडली आणि सात बाया उतरल्या, कासोटे मारलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल, काखेत टोपल्या. गाडीची पांढरी शुभ्र कव्हरं आता कसल्या रंगाची म्हणायची ते संदेशलाच ठाऊक. जनीकाकी टोपलीसकट थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. सभागृहात खाडीचा वास सुटला आणि आजोबा जागे झाले.

"भिका, आता इचारू?" काकीने विचारलं.

"आत्ताच विचार," भिकाजी म्हणाले.

काकी उभी राहिली. "पोरी, तू आमच्या खाडीत पाच वर्सं फिरलीस. माजा येकच सवाल. हल्ली सुपात बारीक तिसऱ्याच येतात. त्या सोडायच्या काय काढायच्या? सोडल्या तर पलीकडची काढतील. काढल्या तर उद्या काय?"

राहीने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती व्यासपीठावरून खाली उतरली, टोपलीत हात घातला आणि एक तिसरी उचलून काकीच्या अंगठ्याच्या नखाशी धरली. "एवढी असेपर्यंत हिने एकदाही अंडी घातलेली नसतात, काकी. या नखाएवढी झाली की मग काढायची." मग ती तिसरी टोपलीत परत ठेवत म्हणाली, "पण पलीकडच्यांचं काय करायचं, ते मला नाही माहीत. ते माझ्या प्रबंधात नाही. ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं."

सातजणींतली एक, पलीकडच्या काठावर राहणारी, रांगेतून म्हणाली, "आमी कदी न्हाय म्हनलाव? कुनी इचारलंनच नाय." मग सातजणी एकदम बोलायला लागल्या. परीक्षक उठून टोपलीपाशी गेले, चष्मा लावून तिसऱ्या बघायला लागले, आणि काकीलाच प्रश्न विचारायला लागले. एक वाजला तरी गणपतीपुळ्याचं नाव कुणी काढलं नाही. राही हसत होती, रडत होती, आणि डॉक्टर झाली होती.

भिकाजींनी अहवाल पुढे ओढला. सातवा रकाना. इतकी वर्षं तो एका शब्दाचा होता, आज मागचं पान लागलं. प्रश्न लिहिला. नाव: जनी. पद: साठ वर्षांचा अनुभव. संस्था: भाट्ये खाडी.

वड्याचा घास घेत काकी जवळ आली. "काय लिवतोस?"

"तुझा प्रश्न गो."

"माजा कसला," काकी म्हणाली. "तुज्या आयशीचा. ती दर ओहोटीला ह्येच बोलायची, बारीक सोडायच्या काय काढायच्या. येकदा म्हनली, भिकाच्या कालिजात इचारून येतो. आली ती गप. कोन काय बोललंन तिला, सांगितलंन नाय कदी."

भिकाजींचं पेन थांबलं. प्रश्नकर्ता उपस्थित असला पाहिजे, हा नियम नऊ, क. एकशे चौदा अहवालांत त्यांनी स्वल्पविरामसुद्धा खोटा लिहिला नव्हता. काकीचं नाव तसंच ठेवून त्यांनी त्याच्यावर एक ओळ लिहिली: श्रीमती चिमा भाटकर, उपस्थित. आणि कागद सहीसाठी मॅडमपुढे ठेवला.

मॅडमनी ओळ वाचली, मग भिकाजींकडे पाहिलं. त्यांची उचकी थांबली होती आणि डोळे भरले होते. "या कधी आल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"तेहतीस वर्षांपूर्वी," भिकाजी म्हणाले. "मीच आत येऊ दिलं नाही."

मॅडमनी पेन उघडलं आणि सही केली.