आठच्या भोंग्याआधी घरी: अंथुर्णे ते हडपसर, भिगवणमार्गे

पुण्याला जायचं तर आधी बारामती गाठायची, असं आमच्या अंथुर्ण्यात सगळे धरून चालतात. बारामतीहून एसटी सुटते, बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे स्वस्तच. पण पुढे गर्दीत बस अडकली की कधी पोचू ते सांगता येत नाही. माझ्या यजमानांनी म्हणूनच पुण्यात खोली घेतली होती. शनिवारी मोटारसायकलवर हायवेनं घरी यायचे, वाटेत भिगवणला मासे घेऊन. ते जाऊन दहा महिने झाले. तेव्हापासून आमच्याकडे मासे शिजले नव्हते.

मागच्या महिन्यात मला हडपसरच्या एका ऑफिसात नोकरी मिळाली. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकच अट घातली.

"खोली घ्यायाची न्हाय. खोली घेतल्याली माणसं आठवड्यातनं एकदा दिसत्यात. रोज आठच्या भोंग्याला ताटावर पायजे. जमत आसंल तर जा, न्हायतर सोड."

आबांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली. रात्री आठचा भोंगा झाल्याशिवाय ते घास घेत नाहीत. कान तिथल्या आवाजानंच गेले. आता मुलानं घेऊन दिलेलं मशीन लावतात, म्हणून भोंगा ऐकू येतो.

मी फार बोलणारी नाही. मुकाट्यानं मोबाईलवर नकाशा उघडला. भिगवणवरून रेल्वे जाते हे लहानपणापासून माहीत होतं. ती आपल्याला पुण्याला नेईल हे मात्र कधी सुचलं नव्हतं. ऑफिसात कागद द्यायला जायचंच होतं. तोच चाचणीचा दिवस ठरवला आणि साक्षीला आई, म्हणजे सासूबाई, निघाल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, नऊवारी, आणि पदरावरून माझं जुनं हेल्मेट.

पहाटे स्कूटी काढली. जंक्शन गावावरून, कळसच्या आतल्या रस्त्यानं भिगवण साधारण पाऊण तास. थंडीचे दिवस, दोन्हीकडे ऊस. (जाणाऱ्यांनी हातमोजे घ्यावेत, मी विसरले होते.) खड्डा आला की आईंचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं.

"सावकाश गं! डोकं हाय का नारळ?"

तिसऱ्या वेळी मला हसू आलं. मग त्यांनाही. हसण्याच्या नादात पुढचा खड्डा चुकवायचा राहिला.

स्टेशनजवळ स्कूटी लावली आणि दौंडपर्यंत गेलो. तिथं गाडी बदलायची. पुण्याच्या सगळ्याच गाड्या हडपसरला थांबत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्या. फलाटावर चहा-वडापाव खाल्ला, तो आम्हा दोघींच्या तिकिटांपेक्षा महाग पडला. आईंना हे इतकं पटेना की त्यांनी तिकिटं माझ्याकडून घेऊन पुन्हा पाहिली.

दुसऱ्या गाडीत रोजच्या पासवाल्या बायका होत्या. आई खिडकीत बसल्या.

"मावशी, ती जागा आमच्या देशमुखबाईंची आहे. त्या उरुळीला चढतात."

"मंग उरुळीपतोर माझी."

बाई हसल्या. पास काढला की तिकिटापेक्षाही स्वस्त पडतं, हे त्यांनीच मला सांगितलं. आईंचा प्रश्न वेगळाच होता.

"रोज जाता व्हय? मंग स्वैपाक कोण करतं?"

"नवरा. वाईट करतो, पण करतो."

आईंनी तोंडाला पदर लावला आणि गदगदून हसल्या. उरुळी आली. देशमुखबाई चढल्या आणि आईंना उठू न देता शेजारी टेकल्या.

हडपसरला उतरल्यावर ऑफिस रिक्षेनं दहा मिनिटांवर. पावणेदहाला आम्ही दारात. कागद तासाभरात दिले, पण परतीची वेळ खरी कळावी म्हणून पाचपर्यंत मुद्दाम थांबलो. आईंनी वॉचमनला भाकरी-ठेचा खायला घातला आणि साहेब कधी येतात, कधी जातात, सगळं काढून घेतलं.

"पाचला सोडत्यात म्हणं. चांगलं हाय."

परतीच्या दोन्ही गाड्या वेळेवर होत्या. भिगवणला स्कूटीवर बसलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं. सरळ गेलो असतो तर आठला पाच मिनिटं कमी असताना घरात. मी मनात पेढे वाटायला लागले होते.

बाजारापाशी आईंनी माझा खांदा दाबला.

"थांब जरा. चिलापी घिऊ."

"आई, भोंगा चुकेल."

"चुकू दे. त्यो कधी हितनं मोकळ्या हातानं आला न्हाय."

मी स्कूटी थांबवली. पुढे गर्दी होती. मासेवालीनं खवले काढले, तुकडे केले, पिशवीत बांधून दिले. मी घड्याळ बघत होते आणि नोकरी हातातून जाताना दिसत होती. तरी घाई करा असं म्हणवलं नाही. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलो. गावापासून कोसभर असताना भोंगा झाला. लांबलचक, शेताशेतातून.

घरात शिरलो तेव्हा साडेआठ होत आले होते. तीन ताटं मांडलेली, भाकरी फडक्यात झाकलेली. आबा भिंतीला टेकून बसलेले. मी चप्पल काढून तशीच उभी राहिले. आज खोटं बोलायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

"आबा, उशीर झाला. भोंगा होऊन गेला."

"क्काय?"

"भोंगा झाला!" मी ओरडले.

त्यांनी बंडीच्या खिशातून कानाचं मशीन काढलं आणि सावकाश कानात बसवलं.

"झाला व्हय? मला न्हाय ऐकू आला." मग पिशवीकडे बघून म्हणाले, "चिलापी हाय नव्हं? मंग तव्यावर टाका की. आन् तू उद्या पास काढ."

आता महिना होत आला. मी पावणेआठ-आठला घरी असते, शनिवारी थोडा उशीर होतो. त्या दिवशी आबांचं मशीन खिशात असतं.